चौथ्या तिमाहीतला फलक

"मॅडम, तुमी खर्च तपासाले आल्या नं? मंग हत्तीगोट्याचा बोर्ड बी तपासा. तो बोर्ड तिथी नव्हताच."

जाहिदा शेखचा एक पाय जीपच्या बाहेर होता, एक आत. परिवहन नियामक खात्याचे हिशेब तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. कार्यालयांच्या दारात तिला आजवर हार मिळाले होते, नारळ मिळाले होते. एकदा जिवती तालुक्यात गावरान कोंबडाही मिळाला होता; तिनं त्याची पावती मागितली तेव्हा तो परत गेला. पण दारात तक्रार उभी असलेली ती पहिल्यांदाच पाहत होती.

"तुम्ही कोण?"

"रिना. हत्तीगोट्याच्या वळनावर पिकअप खाली गेली नं, माया नवरा होता त्याच्यात. कुलदीप."

चिचटोला हे झाडीतलं एवढंसं गाव. मोह पडायला लागला की सगळं गाव पहाटे रानात असतं. त्याच दिवसांत, एप्रिलच्या सुरुवातीला, कुलदीपची गाडी दरीत गेली होती. वडशाच्या नाटक मंडळांचे पडदे आणि पेट्या गावोगाव पोचवणं हा त्याचा धंदा. हंगामातला शेवटचा प्रयोग संपला, मंडळानं हिशेब केला, आणि तो घराकडे निघाला. गाडी घेऊन जंगलातल्या या आडवाटेनं तो पहिल्यांदाच येत होता.

पंचनाम्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, वळणाच्या अलीकडे धोक्याचा फलक ठळक उभा होता. दोन, गाडीत मोहाचा वास येत होता. यावरून निष्कर्ष असा निघाला की चालक दारू प्यायलेला होता आणि फलक न बघता गेला. भरपाईचा अर्ज त्याच धक्क्यानं खाली पडला.

"पैशाचं जाऊ द्या," रिना म्हणाली. "पोरगी मोठी झाल्यावर इचारन, बा कसा मेला म्हणून. तिले काय सांगू? दारू पेऊन मेला? थे शिवत नव्हते दारूले. डाक्टर बी म्हणे, जरासं पह्यले आनलं असतं तं वाचला असता."

"फलक होता, याला साक्षीदार कोण आहे?"

रिनानं कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं. तिथं खाकी कपड्यातला एक म्हातारा माठात पाणी ओतत होता.

"थे. देवाजी. हापिसातले शिपाई. माये मामाजी."

"म्हणजे तुमचे सासरे?"

"हो. कुलदीपचे बा."

जाहिदानं दुसरा पाय खाली ठेवला. बाप पोरासाठी खोटं बोलतो, हे तिनं पुष्कळ पाहिलं होतं. बाप पोराविरुद्ध खरं बोलतो, असंही एखाद-दोनदा दिसलं होतं. पण मेलेल्या पोराविरुद्ध बाप खोटं बोलत असेल, तर त्याला तसंच भारी कारण पाहिजे.

*

सरकारी वर्षाला चार तिमाह्या असतात. चिचटोल्याच्या उपकार्यालयात त्या चारही जणींचे स्वभाव वेगळे होते. पहिलीत निधी मागायचा. दुसरीत तो मागितला होता, याची नम्र आठवण करून द्यायची. तिसरीत प्रत्येक पत्राची सुरुवात 'निधीअभावी' या शब्दानं करायची. आणि चौथीत, शेतात हरभरा घाट्यावर आला की, निधी एकदम अंगावर यायचा. वर दम असा की मार्चअखेर खर्च करा, नाहीतर परत पाठवा. आणि परत पाठवला तर पुढच्या वर्षी तेवढा कापू. वर्षभर उपाशी ठेवलेल्या माणसाला एकदम पंगतीला बसवायचं आणि पानात एक शीत राहिलं तर उद्या हाकलायचं, असला तो पाहुणचार.

प्रभारी अधिकारी गुणवंतराव या पंगतीत मुरलेले होते. गोल चेहरा, गोड बोलणं. जाहिदापुढे चहा आला, चहाबरोबर वड्या आल्या.

"शंभर टक्के खर्च, मॅडम. आजूबाजूच्या कार्यालयांत असा आकडा कोणाचा नाही."

"फलक खरेदीचा निधी चौथ्या तिमाहीत मिळाला. उभारणीचा?"

"तो वेगळ्या शीर्षाखाली असतो."

"असू दे. मिळाला का?"

"चालू तिमाहीत मिळेल अशी आशा आहे."

"म्हणजे फलक विकत घ्यायला पैसे होते, खड्डा खणायला नव्हते."

"शासन एकेक पाऊल टाकतं, मॅडम."

"मग हत्तीगोट्याचा फलक उभा राहिला कसा?"

"पदरमोड!" गुणवंतरावांनी छातीवर हात ठेवला. "लोकांच्या जिवाचा प्रश्न होता. फेब्रुवारीत मी आणि देवाजीनं स्वतः उभं राहून लावला. तसा दाखला दिलाय मी."

"अपघात झाल्याचं तुम्हाला कसं कळलं?"

"पहिलं कोंबडं आरवायच्या सुमारास एका ट्रकवाल्याचा फोन आला. वळणावरून गाडी खाली गेली म्हणाला."

"फोन तुम्हालाच का?"

"सगळ्या ट्रकवाल्यांकडे माझा नंबर असतो," गुणवंतराव विनयानं म्हणाले. ते खरंच होतं. त्या रस्त्यावर रुग्णवाहिकेचा नंबर कोणाला पाठ नव्हता, गुणवंतरावांचा सगळ्यांना होता.

"मग तुम्ही काय केलं?"

"तिथल्या तिथं रुग्णवाहिकेला कळवलं. माणुसकी आहे की नाही? गाडी आरोग्य केंद्रातच उभी असते, पान चघळून होईपर्यंत वळणावर पोचते. पण आपल्या देवाजीचं नशीब..." त्यांचा आवाज दाटला. तो खरोखर दाटला होता, हे जाहिदाच्या लक्षात आलं. तिला ते नंतर बराच वेळ समजेना.

*

देवाजी माठाशीच उभा होता. भरलेला माठ तो पुन्हा पुसत होता.

"देवाजीभाऊ, फलक कधी लावला?"

"फेब्रुवारीत. साहेबासंग."

"त्यानंतर वळणाकडे कधी गेलात?"

"नाई."

"अपघात झाल्यावर?"

"नाई मॅडम. पाय नाई धजला. त्याले दवाखान्यातच पाह्यलं मी."

"कुलदीप दारू प्यायचा?"

"पेत होता."

"रिना म्हणते, शिवत नव्हता."

"बायकोले सांगून कोन पेते?"

"तुमच्यासमोर कधी प्यायला?"

देवाजीनं फडकं पिळलं. त्यातून पाणी आलं नाही.

"भाऊ, तुमचा एकुलता एक पोरगा. त्याच्या नावाला डाग लागतोय. सूनबाई दारोदार फिरतेय. तुम्ही नुसतं 'मला माहीत नाही' म्हणालात तरी तिचं भागतं. कोणी धमकावलंय का?"

"मले काऊन कोन धमकावन? मी काय हाय?" मग तो पुन्हा माठ पुसू लागला. पुढचं जाहिदाशी नाही, माठाशी बोलल्यासारखं. "गाडी घसरली बी असन. केवढी फुलं पडली होती त्या दिवशी. पाय ठेवाले जागा नव्हती."

आणि तो आत निघून गेला.

जाहिदा बल्लारपूरची. तिथं कोळशाची धूळ अंगाखांद्यावर वाढते, पण मोह म्हटलं की तिला फक्त बाटली आठवायची. त्यामुळे त्या वाक्याचं वजन तिला तेव्हा कळलं नाही.

*

हत्तीगोटा म्हणजे रस्त्याच्या कडेला बसलेल्या हत्तीएवढा दगड. त्याला वळसा घालताना रस्ता एकदम मोडतो आणि खाली बांबूची दाट दरी. दगडाशेजारी मोहाचं जुनं झाड, आणि झाडाखाली फलक. 'सावधान! पुढे तीव्र वळण.' रेडियम चकचकीत, खांबावर काळे-पांढरे पट्टे.

झाडाखालची जमीन काळी पडलेली होती. पाला जाळलेला. झाडाचं खोडही गुडघाभर उंचीपर्यंत धुरकटलेलं.

जाहिदानं झाडाच्या बुडाशी बोट फिरवलं. ते काळं झालं. मग फलकाच्या खांबाच्या बुडाशी फिरवलं. ते स्वच्छ राहिलं. तिनं काडी घेऊन खांबाभोवतीच्या सिमेंटची कड उकरली. कडेखाली राखेचा थर होता.

"जंगलवाल्या हाय का तुमी?" मागून आवाज आला. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई दगडाआडून पाहत होती.

"नाही. हिशेबवाली."

"मंग काई हरकत नाई." बाई पुढे आली. रुखमा तिचं नाव. हे झाड तिच्या सासूच्या सासूपासून त्यांच्या घरचं, असं तिनं विचारायच्या आत सांगितलं.

"पाला तुम्हीच जाळला?"

रुखमानं इकडेतिकडे पाहिलं. "जंगलवाल्याले नोका सांगू. होळी झाल्यावर जाळला. साफ जमीन नसली तं फुलं येचाची कशी?"

"जाळला तेव्हा हा फलक होता?"

"मले काय मालूम बाई? सरकारी चीज हाय. पोलिसानं बी इचारलं, मी म्हटलं मले काईच मालूम नाई. मालूम हाय म्हटलं तं आग कोनं लावली हे बी इचारन."

"बरं, राहू दे. अपघाताच्या दिवशी तुम्ही इथं होतात?"

"होती तं! त्या दिवशी तं चोर आला होता माया झाडाखाली."

"चोर?"

"मोह कसा पडते, मालूम हाय काय? पहाटे टपटप पडते, सूर्य वर आला की बंद. तवरी हंगाम सुस्तच होता, बोटावर मोजाइतकी फुलं. आदल्या सांजेले वारा सुटला, अन् त्या पहाटे सडा पडला नुसता. मी येऊन पाह्यतो तं कोनंतरी माही फुलं बाजूले सारून ढीग करून ठेवला होता. पळसाच्या पानावर. नेलं एक बी फूल नाई! असा चोर असते का?"

"कोण असेल?"

"झाडीतलाच मानूस. भायेरचा असता तं तुडवत गेला असता. आमी मोहावर पाय नाई देत. पोट भरते थे आमचं."

जाहिदानं झाडाखालच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. मग तिनं हळू विचारलं, "तुम्ही फुलं उचलून नेल्यावर इथं मागे काय राहतं?"

"माती. अजून काय?"

"आणि रुग्णवाहिका कधी आली?"

"मी टोपली भरून कंबर सरळ केली तवा. सूर्य पहाडावर चढला होता. त्या पोराले वर आनलं, तं अंग गरम होतं म्हनत होते लोक."

"पोलीस म्हणतात, गाडीत मोहाचा वास होता."

रुखमा पहिल्यांदाच हसली, पण ते हसू अर्ध्यावरच विझलं. "मोहाच्या झाडाखाली काच फुटलेली गाडी पडली बाई. तिच्यात मोहाचा नाई तं काय अत्तराचा वास येईन?"

*

दुपारी गुणवंतरावांच्या खोलीत जाहिदानं ठाणेदारांना बोलावून घेतलं. देवाजी दाराशी उभा होता. रिनाला कोणी बोलावलं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली आणि तिला जा म्हणायची हिंमत कोणात नव्हती.

"हिशेबात एक पैशाचीही अफरातफर नाही," जाहिदा म्हणाली.

गुणवंतरावांनी श्वास सोडला.

"फलक खरंच घेतला गेला. फक्त तो महिनाभराहून जास्त तुमच्या कोठीत पडून होता. उभारणीचा निधी आलाच नव्हता. पण उभारला नाही असं लिहिलं असतं तर खर्च अपुरा दिसला असता, पुढचा निधी कापला गेला असता. म्हणून तुम्ही फेब्रुवारीत उभारल्याचा दाखला दिला."

"याला पुरावा?" गुणवंतराव अजून गोडच होते.

"रुखमाबाईंच्या झाडाखालची आग. होळीनंतर तिथला पाला जळला. खोड गुडघ्यापर्यंत काळं झालं. फलक फेब्रुवारीत लावला असता तर त्याचा खांबही काळा पडला असता, रंगाला फोड आले असते. तो कोरा करकरीत आहे, आणि सिमेंट राखेच्या थरावर बसलंय. म्हणजे आधी आग, मग फलक. आणि अपघाताच्या पंचनाम्यात तो उभा आहे. मग मधल्या काळात कधी? त्याचं उत्तर फुलांनी दिलं."

ठाणेदार पुढे झुकले.

"त्या पहाटे कोणीतरी खड्डा खणण्याआधी मोहाची फुलं वेचून पानावर ठेवली. कंत्राटदाराचा माणूस असं करत नाही. मोहावर पाय न देणारा माणूसच करतो." जाहिदाचा आवाज खाली आला. "देवाजीभाऊ, तुम्ही मला म्हणालात, फेब्रुवारीनंतर वळणाकडे गेलोच नाही. आणि म्हणालात, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती एवढी फुलं होती. हंगामातला तो पहिला सडा होता. सूर्य डोंगरावर चढेपर्यंत रुखमाबाईंनी तो उचलला. तो पाहिलेला माणूस त्या पहाटे तिथं होता."

देवाजी भिंतीला टेकला.

"मी बी तेच म्हनत होतो," तो म्हणाला, "की हे कोनाच्या ध्यानात कसं येत नाई."

"साहेबांनी काय सांगितलं होतं?"

"फोन आला. म्हणे, वळनावर गाडी गेली, पंचनामा होईन, बोर्ड नाई दिसला तं आपली नोकरी जाईन. कोठीतला बोर्ड घे, सिमेंट घे, मोटरसायकलवर बांध, जा. मी म्हटलं, साहेब, गाडीतला मानूस? तं म्हणे, त्याले नेलं, गाडीत आता कोनी नाई."

सगळ्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं.

"खरा गुन्हा फलकाचा नाहीच," जाहिदा म्हणाली. "साहेब, कोंबडं आरवताना तुम्हाला कळलं. रुग्णवाहिका पान चघळून होईपर्यंत पोचते, हेही तुम्हीच सांगितलं. ती आली सूर्य डोंगरावर चढल्यावर. मधला वेळ तुम्ही सिमेंटला दिलात. आधी फलक उभा राहू दे, मग माणूस उचलू. तुमचे फोन कधी आणि कुणाला गेले, ते ठाणेदारसाहेब काढतीलच."

गुणवंतरावांचा गोल चेहरा एकाएकी ओघळला. "मी एक पैसा खाल्ला नाही हो," ते म्हणाले. "कार्यालयासाठी केलं. पुढच्या वर्षी निधी आला असता तर सगळ्याच वळणांना... मला काय ठाऊक, आत देवाजीचा पोरगा आहे?"

"दुसऱ्या कोणाचा असता तर चाललं असतं?" ठाणेदारांनी विचारलं. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक शेऱ्याला खुलासा तयार असायचा.

ठाणेदार त्यांना बाहेर घेऊन गेले.

"एकच कळलं नाही, भाऊ," जाहिदा म्हणाली. "बोर्डाचं लपवलंत, ते समजू शकते. पण त्याला दारुड्या का म्हणालात?"

देवाजी रिनाकडे न बघता बोलला. "दारू पेऊन मेला म्हटलं, तं ही त्याच्यावर रागावन. रागावर मानूस जगून जाते मॅडम. बाप वरतं बोर्ड ठोकत होता अन् पोरगा खालतं मरत होता, हे समजलं तं ही कशावर जगन? माह्यावर रागावून? मी तं घरातच राह्यतो. रोज भाकर वाढा लागते तिले मले."

खोलीत पंखा फिरत होता. जाहिदानं तपासणीत कितीतरी माणसं रडताना पाहिली होती. ती सगळी पकडली गेल्यामुळे रडली होती. हा म्हातारा रडत नव्हता.

रिना उंबरा ओलांडून आत आली.

"मामाजी."

"बोल."

"तुमी वरतं होते, तवा त्यायनं आवाज देल्ला काय?"

जाहिदाला वाटलं, आता तरी यानं खोटं बोलावं. इतके दिवस बोललाच आहे, अजून एकदा. 'नाई' म्हणायला किती वेळ लागतो? पंचनाम्यात नसलेली ती एकच गोष्ट, आणि ती तपासायची कोणाची हिंमत होणार नव्हती.

देवाजीनं मान वर केली.

"हॉर्न वाजला होता," तो म्हणाला. "मी फावडं थांबवलं. मंग अजून एक डाव वाजला. खालतं बांबूत लाल दिवा दिसत होता. मले वाटलं, गाडीत तं कोनी नाई, तार जुडून आपोआप वाजत असन. मी सिमेंट कालवलं."

रिनानं पदर तोंडात कोंबला. देवाजीचा हात तिच्या दिशेनं थोडा उचलला गेला आणि परत खाली आला.

"त्याच्या नावावरचा डाग मी आजच पुसते," जाहिदा म्हणाली. तिचं तिलाच ते वाक्य थिटं वाटलं.

"पुसा," रिना म्हणाली. "पोरीले सांगाले होईन."

संध्याकाळी जाहिदाची जीप गावाबाहेर पडली तेव्हा ती दोघं रस्त्यावर दिसली. ठाण्यात जबाब देऊन घराकडे निघाली होती. पुढे रिना, मागे देवाजी, मधे एखादी बैलगाडी सहज निघून जाईल एवढं अंतर. चालकानं हॉर्नकडे हात नेला.

"नको," जाहिदा म्हणाली.

जीप थांबली. दोघं फाट्यावर वळेपर्यंत ती तिथंच थांबून राहिली. वळताना रिनानं पाऊल हळू केलं, पण मागे वळून पाहिलं नाही. देवाजीनंही मग पाऊल हळू केलं, आणि ते अंतर होतं तेवढंच राहिलं.